दुसरा हात

वार्डोला त्यांच्याकडे गेलो तो नोव्हेंबरात,
ब्रश आणि दोन लहान डबे घेऊन.
दुपारचे बारा वाजलेले, आणि बाहेर
रात्र कोणी आवरलीच नव्हती अजून.

स्वयंपाकघर. एकच भिंत, खिडकीसमोरची.
जुना रंग कोणता, ह्यावरही एकमत होईना.
ती म्हणाली साय, तो म्हणाला तंबाखू.
नखानं खरवडून पाहिलं तर दोघंही बरोबर :
स्टोव्हजवळ तंबाखू,
कपाटामागे साय.

हालवारला पिवळा हवा होता.
लिंबाचा नव्हे, अंड्याचाही नव्हे,
ऑगस्टात दलदलीत मुल्ते पिकतात
आणि पिकून पिकून मऊ पडतात, तो.
सिन्नोवला निळा. निळा तरी कसा म्हणावा,
शिशात कोणी चिमूटभर नीळ कालवावी तसा.
माझ्या तक्त्यात त्याला नाव नाही,
नुसता आकडा.

हातभर रुंदीचे दोन पट्टे ओढले,
मध्ये चार बोटं जुनी भिंत सोडली.
ओला रंग खोटं बोलतो, मी म्हणालो,
वाळू द्या, मग ठरवा.

कॉफी झाली.
हालवार म्हणाला, चाळीस वर्षं पाहिलाय मी हा रंग.
पहाटे पाहिलाय, पोटात ढवळताना पाहिलाय.
ह्याच रंगात एगिल गेला,
हाती लागला तो एक हातमोजा.
आता जेवताना समोर नको.

खरंच होतं. मी पिवळ्याचं झाकण उचकटायला घेतलं.

सिन्नोव कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली,
तू पाहिलास.
मी चाळीस वर्षं ह्या दिव्याखाली बसले, ह्याच पिवळ्यात.
घड्याळ पिवळं, टेबल पिवळं,
हात पिवळे माझे.
रेडिओवर वाऱ्याचा वेग सांगायचे,
मी काचेला कपाळ लावून बाहेर बघायचे,
आणि काचेत पुन्हा हेच स्वयंपाकघर.
तू असायचास ते ठिकाण
मला एकदाही दिसलं नाही.

नळ चालूच होता.
ह्यावर रंगाऱ्यानं काय बोलायचं?
मी झाकण परत ठोकून बसवलं.
म्हणालो, उजेड येईपर्यंत थांबा,
दिव्याखाली पसंत केलेले रंग
मी फार खरवडलेत ह्या गावात.

उजेड जानेवारी सरता सरता आला.
तिचा फोन आला, ये म्हणून.
कोणता, ते काही सांगेना.

तिरीप भिंतीवर पडली होती, पाचेक मिनिटांची.
निळा तिच्यात हिरवट निघाला,
पिवळा थोडा आगाऊ.
मला वाटलं आता दोन्ही रद्द होणार, नवा तक्ता, नवी कॉफी.
पण त्या दोघांचं भिंतीकडे लक्षच नव्हतं.
पिवळ्यावर खिळा मारून कॅलेंडर लावलेलं,
आणि टेबल ओढून आणलेलं भिंतीशी.
हालवार बसला होता निळ्याला पाठ टेकून,
त्याला तो दिसत नव्हता.
सिन्नोव समोर.
बटाटे सोलता सोलता ती मान वर करायची,
त्याच्या डोक्यामागे बघायची,
मग त्याच्याकडे,
मग परत बटाटा.

मी विचारलं, मग करायचं काय?

निळ्याला दुसरा हात दे, हालवार म्हणाला.
तेवढ्यालाच. खालचं जुनं दिसतंय अजून.
आणि खुर्ची सरकवून उठला,
बाहेर जाऊन उभा राहिला, माझं होईपर्यंत.

अर्ध्या तासाचं काम. पैसे पूर्ण दिवसाचे दिले,
वर सुकवलेला कॉड.
पिवळ्याचा डबा मी परत आणला.
शेडमध्ये असेल कुठेतरी,
वर कातडं धरलं असेल त्यानं.